हाकेला आलेली माणसं

८ सप्टेंबर २००७, शनिवार. ग्वेल्फ

पोहोचले एकदाची! नांदेड सोडल्यापासून दोन दिवस झाले, पाय सुजून भाकरीसारखे झालेत, पण मन एकदम हलकं आहे.

टोरोंटोच्या विमानतळावर पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. पाटीवर ‘गौतमी’च्या जागी ‘गोमती’. मी म्हटलं चालेल, नदी तर नदी. हेच हारूत, माझे एम्प्लॉयर. वय सहासष्ट, शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. मूळचे आर्मेनियन, पण जन्म इथलाच. ते टोरोंटोत राहतात आणि त्यांच्या आई इथं ग्वेल्फला, गाडीने तासाभरावर. त्या आईंना सांभाळायला मी.

घर दगडी आहे, भिंती हातभर जाड. खाली स्वयंपाकघर आणि आईंची खोली, वर माझी, सगळ्यांत खाली बेसमेंट. माझ्या खिडकीबाहेर मेपलचं झाड आहे, त्याची एकच फांदी लाल झालीय. बाकीचं झाड अजून विचार करतंय.

आईंचं वय नव्व्याण्णव. नाव आर्शालुइस, म्हणजे पहाट. वहीत मी आर्शाबाईच लिहिणार. ताठ बसतात, इंग्रजी हळू पण स्पष्ट. त्यांनी माझे हात उलटे-पालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, चांगले आहेत, काम केलेले आहेत.

हारूतनी एकच नियम सांगितला. आईला दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं. त्याही कुणाला हाक मारत नाहीत, घंटी वाजवतात. मी कारण विचारलं तर हसून म्हणाले, ठाऊक नाही, पण मला तिने जन्मात नावाने हाक मारलेली नाही.

दोन वर्षं इथं काढली की पीआरला, म्हणजे कायम राहायच्या परवान्याला, अप्लाय करता येतं. मग माझी लेक ऊर्मी येईल. आज ती नऊ वर्षं दोन महिन्यांची आहे.

१२ सप्टेंबर, बुधवार

ड्यूटी बसली. सकाळी सातला बीपी, गोळ्या, ओटमील. दहाला अंघोळ. दुपारी जेवण, झोप. तीनला मागच्या गल्लीतली शाळा सुटते, तेव्हा घराभोवती चिवचिवाट होतो. आर्शाबाई तेवढा वेळ रेडिओ मोठा करतात.

सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. तिथं एका वॉर्डात साठ पेशंट, इथं एकच. रिकामपण अंगावर येतं. म्हणून ही वही. गुणवंतबाबा, माझे वडील, म्हणायचे, दिवस लिहून ठेवला की तो आपल्या मालकीचा होतो.

२३ सप्टेंबर, रविवार

सकाळी कॉलिंग कार्डावरून फोन केला. माय म्हणाली, जयभीम, पोरगी अभ्यासाला बसलीय. ऊर्मी फोनवर आली आणि इंग्रजीत कविता म्हणून दाखवली. मी छान छान म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. माझा नवरा विशाल गेला तेव्हाही आलं नव्हतं. त्याला चार वर्षं झाली. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही ना, तसं माझं आतून झालंय. काम मात्र चांगलं होतं त्याने.

आर्शाबाईंना माझं वरण आवडतं. त्यांच्याकडे काळपट लाल मिरचीचा चुरा आहे, त्यांच्या गावचा. गावाचं नाव उर्फा, तुर्कस्तानात. तो चुरा वरणावर घालून आम्ही दोघी नाकातून पाणी येईपर्यंत खातो. इथं येऊन चाळीस वर्षं त्या कोट शिवायच्या कारखान्यात होत्या. नवरा ओतकामाच्या भट्टीवर. तो जाऊनही तीस वर्षं झाली.

२९ सप्टेंबर, शनिवार

आज सकाळी आर्शाबाईंनी शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं टेबलावर ओतली आणि मांडायला लागल्या. पांढरी म्हणजे घरं, काळी म्हणजे सैनिक. एकोणीसशे पंधरा साली याच दिवशी त्यांच्या मोहल्ल्यात गोळीबार सुरू झाला होता. त्या सात वर्षांच्या होत्या.

आजूबाजूच्या गावांतले आर्मेनियन आधीच हाकलून नेले होते. उर्फाच्या लोकांनी रस्त्यावरून चाललेले त्यांचे तांडे पाहिले होते, वाळवंटाकडे जाणारे. म्हणून ठरवलं की आपण जायचं नाही. सुतार, लोहार, विणकर, दुकानदार. रस्ते दगडांनी बंद केले आणि घराघरांमधल्या भिंतींना भोकं पाडली, म्हणजे रस्त्यावर पाय न ठेवता मोहल्ल्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता यावं. त्यांची बहीण वार्तुही सतरा वर्षांची. तिने भावाची विजार चढवली आणि बंदूक घेऊन खिडकीशी बसली. आर्शाबाई सगळ्यांत लहान, म्हणून भोकांतून सरपटत काडतुसं आणि भाकरी पोचवायचं काम त्यांचं.

सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. पंचवीस दिवस लढलो, म्हणाल्या. बोट वर करून पुन्हा म्हणाल्या, पंचवीस.

३ ऑक्टोबर, बुधवार

रोज बटणं. काल तीन पांढरी बटणं त्यांनी डब्यात परत टाकली, तेवढी घरं पडली म्हणून.

आज मला जेवणघरातलं कपाट ओढून खिडकीला लावायला सांगितलं. हारूतना फोन केला. ते म्हणाले, लाव गं, दर ऑक्टोबरला असंच असतं, महिनाअखेरीस उतरतं.

कपाट लावताना मला आमचं गाव आठवलं. अठ्ठ्याहत्तर साली मी दहा वर्षांची होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि वस्त्या पेटवायला लागले. मायने पत्र्यावर दगड रचून ठेवले होते. बाबा कुऱ्हाड घेऊन दाराशी. ते आले तेव्हा खूप होते. आम्ही ज्वारीत लपलो आणि घर जळताना पाहिलं. मी हे आर्शाबाईंना सांगितलं. इथं आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, ज्वारीतून तुम्हाला कुणी बाहेर बोलावलं का? मी नाही म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला. म्हणाल्या, नशीब.

८ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग

हारूत भाजलेली टर्की घेऊन आले. आर्शाबाईंनी हात लावला नाही. भांडी घासताना मी हारूतना विचारलं, शेवटी त्या मोहल्ल्याचं काय झालं? ते म्हणाले, तोफा आल्या, संपलं. वार्तुही मेली. आई कशी वाचली ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारणं सोडून दिलं.

ते दोनला गेले. तीन वाजून पाच मिनिटांनी मागच्या अंगणातून एका लहान मुलीचा आवाज आला. एकाच चालीत, पाढे म्हटल्यासारखा. मला वाटलं, शाळेतली पोरं. मग लक्षात आलं, आज सुट्टी आहे.

मागचं दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. पानं पडली होती, त्यांवर पाऊल नव्हतं. आत आले तर आर्शाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. कान नाही. तोंड.

११ ऑक्टोबर, गुरुवार

रोज येतो. तीन पाच ते तीन पंधरा. अंगण, मग स्वयंपाकघराची भिंत, मग पायऱ्या. शब्द आता नीट ऐकू येतात. मी ते देवनागरीत लिहून घेतले: मी वाखनाक. तूर्स येगेक.

आर्शाबाईंना वाचून दाखवले. अर्थ विचारला. म्हणाल्या, हे तुला ऐकू येतं? नव्वद वर्षांत दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही.

मग अर्थ सांगितला. घाबरू नका. बाहेर या.

संध्याकाळी जेवल्या नाहीत. बीपी १६०/९४.

१५ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

तेविसाव्या दिवशी त्यांची आई तोफगोळ्याने गेली. पंचविसाव्या दिवशी मोहल्ला पडला. वार्तुही उरलेल्या माणसांना घेऊन एका घराखालच्या तळघरात शिरली. खडकात खोदलेलं, तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच माणूस आत जाईल. सैनिकांनी आत पाऊल टाकलं असतं तर एकेकाला टिपता आलं असतं. वार्तुहीकडे बंदूक होती. आणखी दोघांकडे होत्या.

आर्शाबाई बाहेर राहिल्या. शेवटच्या भोकातून येताना पकडल्या गेल्या. एका अधिकाऱ्याने त्यांना मांडीवर बसवून तोंड पुसलं, मनुका दिल्या. मग तळघराच्या तोंडाशी नेऊन उभं केलं आणि म्हणाला, तुझ्या भाषेत सांग. घाबरू नका, बाहेर या. तू बोलावलंस की येतील, मग तुम्ही सगळे घरी जाल.

त्यांनी हाक मारली. दहा मिनिटं मारत राहिल्या.

एकोणीस जण बाहेर आले.

वार्तुही सगळ्यांत शेवटी. तिच्या हातात बंदूक नव्हती.

आर्शाबाईंना कुणीतरी नोकर म्हणून नेलं, तिथून अनाथाश्रम, मग जहाज, मग हे गाव. तेव्हापासून त्यांनी कुणालाही हाक मारली नाही. नवऱ्याला नाही, पोराला नाही.

मी त्यांचे पाय चेपत बसले. त्याही रडल्या नाहीत. त्यांनाही भूल दिलेली आहे, माझ्यासारखी.

१७ ऑक्टोबर, बुधवार

३.०५. आवाज पायऱ्यांवर.

आज आर्मेनियन नव्हती.

“मम्मी, भिऊ नको. बाहेर ये ना.”

मराठी. नांदेडची मराठी. ‘ये ना’ म्हणताना ‘ना’ लांबवते ती, तसंच.

मी ताबडतोब फोन लावला. तिकडे मध्यरात्र. माय झोपेतून उठली.

“कामून गं? इतक्या रात्री?”

“ऊर्मी कुठंय?”

“हे काय माझ्या कुशीत. का गं, काय झालं? बरी हायेस ना तू?”

मी म्हटलं, बरी आहे. स्वप्न पडलं.

फोन कानाला होता तोवर पायऱ्यांवरचा आवाज चालूच होता. एका कानात मायचा श्वास, एका कानात ती.

भीती वाटत नाही. वाटायला हवी. स्वतःची नाडी मोजली. ७२.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

हारूतना सगळं सांगितलं. ते मऊ आवाजात म्हणाले, तुला घराची आठवण येतेय, हे घर सोडायचं असेल तर सांग, मी वाईट मानणार नाही. सोडलं तर नवीन एम्प्लॉयर, नवीन परमिट, पुन्हा सहा-आठ महिने. ऊर्मी तेवढी लांबते. मी नाही म्हटलं. शनिवारी येतो म्हणाले.

आर्शाबाई म्हणाल्या, येऊ नको सांग त्याला. मी सांगितलं. ते हसले.

२० ऑक्टोबर, शनिवार

लिहायला हवं. ड्यूटी रिपोर्टसारखं लिहिते.

२.३० — हारूत आले. सूप. तिघं टेबलाशी. आर्शाबाई त्यांच्या समोर, मी बाजूला.

३.०५ — हारूतनी चमचा खाली ठेवला. कपाटाकडे वळले, ज्याच्या मागे खिडकी आहे. मला काहीच ऐकू आलं नाही. आज ते माझ्यासाठी नव्हतं.

ते म्हणाले, “आई?”

आई त्यांच्या समोर बसली होती. ओठ मिटलेले.

“आई मला हाक मारतेय,” ते मला म्हणाले. “नावाने. अंगणातून.” सहासष्ट वर्षांच्या माणसाचा चेहरा असा — शाळा सुटल्यावर गेटाशी आई दिसते तेव्हाचा.

उठले. आर्शाबाईंनी दोन्ही हातांनी त्यांची बाही धरली. तोंड उघडलं. थांब म्हणायला हाक मारावी लागली असती. मारली नाही. बाही सुटली.

३.०७ — मी मागे धावले. मेपलखाली पानांवर उताणे. नाडी नाही. श्वास नाही. सीपीआर चालू केला.

३.२९ — ॲम्ब्युलन्स. हार्ट म्हणाले. मी नर्स आहे, मला चेहरे माहीत आहेत. हार्टचे असे नसतात. ते हसत होते.

आत आले. आर्शाबाई टेबलाशीच होत्या. माझ्याकडे न बघता एक शब्द बोलल्या.

“वीस.”

२१ ऑक्टोबर, रविवार

पोलीस येऊन गेले. चांगले होते. हारूतची मुलगी व्हँकुव्हरहून बुधवारी येतेय, तोवर मी थांबावं म्हणाली. एजन्सीही तेच म्हणाली.

३.०५ — ऊर्मी. दाराशी.
३.१५ — बंद नाही.
४.०० — बंद नाही.
५.२० — थांबली.

मला हारूतचं वाईट वाटलं पाहिजे. हात धुतले. परत धुतले. पाण्याचा गरम-गार कळत नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळीच सुरू. आता वेळ पाळत नाही.

सकाळी नांदेडला फोन. ऊर्मी स्वतः बोलली. शाळेत चित्रकलेत पहिली आली. ती फोनवर बोलत होती आणि दाराबाहेरही — दोन्हीकडून एकच आवाज. मी विचारलं, तू मला बोलावतेस का गं? ती म्हणाली, रोजच बोलावते की, तू येत नाहीस.

फोन ठेवला.

आर्शाबाई म्हणाल्या, उद्या पंचविसावा दिवस. उद्या खाली जायचं. दार लावून घ्यायचं. उद्याचा दिवस गेला की आवाज वर्षभर येत नाही.

ब्लँकेट, पाणी, गोळ्या, टॉर्च. खाली नेऊन ठेवलं.

२३ ऑक्टोबर, मंगळवार. बेसमेंट

आर्शाबाईंना पाठीवर घेऊन खाली आणलं. वजन काहीच नाही. दार आतून लावलं, त्याला वॉशिंग मशीन लावलं. आम्ही दोघी घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे. टॉर्चच्या उजेडात लिहितेय.

तीन वाजून गेले. ती वर आहे. स्वयंपाकघरात. मग जिन्यावर. आता दाराशी.

आर्शाबाईंचा तळहात माझ्या तोंडावर आहे. वाळकं पान असावं तसा. मी ओरडेन असं त्यांना वाटतं. मी ओरडणार नाही. मला काही —

मी त्यांच्या कानात विचारलं. जे आठ दिवस विचारायचं होतं ते. त्या एकोणिसांना कळलं नाही का? पंचवीस दिवस लढलेली माणसं. पोराच्या तोंडून सैनिक बोलतोय हे ओळखू आलं नाही?

त्यांनी हात काढला.

म्हणाल्या, कळलं होतं. वार्तुहीने फटीतून पाहिलं होतं. माझ्या दोन्ही बाजूंना बूट. तिने सगळ्यांना सांगितलं. तीन गोळ्या होत्या तिच्याकडे, पण मी मध्ये उभी होते. आणि तरीही खाली बसून राहता आलं असतं. रात्र झाली असती, कुणी ना कुणी वाचलं असतं.

बाहेर येताना तिने माझ्या कानात सांगितलं. रागावली नव्हती. म्हणाली, तू रडत होतीस. तू एकटी होतीस.

म्हणजे फसून नाही आले. कळून आले.

आर्शाबाई आता बोलत नाहीत. डोळे उघडे. नाडी बघितली. पुन्हा बघितली. मनगटावर, मग मानेवर.

३.४२. डोळे मिटवले. ब्लँकेट घातलं. हात जोडले.

वीस नव्हे, एकवीस — नाही, त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या अशाच गेल्या.

मी एकटी. बुधवारपर्यंत बसायचं. फक्त बसायचं. सकाळी हारूतची मुलगी येईल.

ऊर्मी दाराशी. “मम्मी, मी आहे. बाहेर ये ना.”

मला माहीत आहे ती ऊर्मी नाही. ऊर्मी नांदेडला मायच्या कुशीत झोपली आहे, चित्रकलेत पहिली आलीय. मला पक्कं माहीत आहे. लिहून ठेवते. ती ऊर्मी नाही.

४.१० — हाक थांबली.

४.११ — रडतेय. हळू. हुंदका देताना नाक ओढते, तसं.

गालाला काहीतरी ओलं. माझ्याच. चार वर्षांनी. कढत लागतंय, कळतंय मला —

ती कुणाची असेल? कुणाची तरी असेलच ना. सात वर्षांची, नऊ वर्षांची. त्या मनुका देणाऱ्याने अजून तिथंच उभी ठेवली असेल तर? तिला घरी जा म्हणायला कुणी —

मशीन सरकवलं.

बाहेर थंडी आहे. तिच्या अंगात स्वेटर नसेल. माझा काढलाय. नुसता तिला देते आणि लगेच परत